माळ्यावर असेल

आमच्या घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की मी एकच उत्तर देतो: "माळ्यावर असेल." या उत्तराची खुबी अशी, की ते खोटं पाडायचं तर कुणीतरी माळ्यावर चढायला हवं. शिडीची तिसरी पायरी निखळलेली आहे आणि फार वर्षांपूर्वी तिथे एक धामण दिसली होती. धामण त्याच पावसाळ्यात निघून गेली. पण मी तिला अजून कागदोपत्री जिवंत ठेवली आहे.

हे उत्तर मी सगळ्यात जास्त वेळा दिलं ते आईच्या घंगाळाबद्दल. १९६८ साली तिच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेलं तांब्याचं घंगाळ, दोन्ही बाजूंना पितळी कड्या. काठावर 'सप्रेम भेट' असं नाव घालायचं होतं, पण नाव घालणाऱ्याच्या हातून मात्रा सुटली आणि झालं 'सप्रेम भट'. आम्ही भट नाही. मामाही नव्हते. पण तेव्हापासून त्या घंगाळाला घरात सगळे 'भटजी'च म्हणत. "भटजींमध्ये कढत पाणी ओत" हे वाक्य आई पाहुण्यांसमोर जरा जपून बोलायची.

तर गेल्या आषाढात आईचा गुडघा धरला. आमचं घर खालापूर तालुक्यात, पण बाजार, डॉक्टर आणि उधारी सगळी कर्जतला. डॉक्टरांनी दीड महिना बसून राहायला सांगितलं. आता आईला बसून राहा म्हणणं म्हणजे उल्हास नदीला जुलैत जरा थांब म्हणण्यासारखं. पहिल्या आठवड्यात तिने बसल्या जागेवरून आम्हा सगळ्यांना उभं केलं. शेवटी मुलगी पुण्याहून आपला जुना लॅपटॉप घेऊन आली.

"आजी, तुझ्यासाठी गेम टाकलाय. पसाऱ्यातून वस्तू शोधायच्या."

"घरात कमी आहेत का शोधायला?" आई माझ्याकडे बघत म्हणाली.

मी लगेच लॅपटॉपचा चार्जर शोधायला गेलो.

तसा हा प्रकार मला नवा नव्हता. बालभारतीचं 'किशोर' १९७१ साली निघालं, त्या पिढीतला मी. मुलांच्या मासिकांत 'चित्रात दडलेले प्राणी शोधा' असायचं, आणि गावच्या वाचनालयात अंक माझ्या हाती येईपर्यंत आधीच्या वाचकाने प्रत्येक प्राण्याभोवती बॉलपेनने गोल काढलेला असायचा. त्यामुळे एकही प्राणी न शोधता मला सगळे सापडलेले होते. पुढे विलायतेत मार्टिन हँडफर्ड नावाच्या चित्रकाराने १९८७ साली लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वॉली गर्दीत लपवला, आणि २००५ साली सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्स कंपनीने 'मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सविल' काढून हा सगळा पसारा संगणकावर मांडला. पुढच्याच वर्षी 'रेव्हनहर्स्ट' आला आणि मग जगातल्या यच्चयावत हरवलेल्या वस्तू कुठल्यातरी पडक्या हवेलीत सापडू लागल्या. आमच्या मुलीने टाकलेला खेळ त्याच भाऊबंदातला. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी त्याची निंदा करणार आहे.

खेळ सोपा आहे. पडद्यावर एक खोली. खोलीत भूकंप होऊन गेलेला. खाली बारा वस्तूंची यादी. वस्तू दिसली की तिच्यावर टिचकी मारायची, ती चमकते आणि नाहीशी होते. यादी इंग्रजीत, आणि आईला इंग्रजी येत नाही. त्यामुळे वाचनाचं काम माझ्याकडे आलं. मी एम.ए. आहे, तेव्हा हे काम आपल्याला झेपेल असं मला वाटलं होतं.

पहिला शब्द होता 'ऑल'. स्पेलिंग ए, डब्ल्यू, एल. छपाईची चूक असणार, ओ पाहिजे, असं ठरवून मी कपाटावरच्या घुबडावर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारल्यावर बाण दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. उगाच टिचक्या मारणाऱ्याला हा खेळ अशी शिक्षा करतो. शब्दकोश काढला. त्यात लिहिलं होतं: आरी, चांभाराची.

"मग आरी म्हण ना," आई म्हणाली. "घुबड काय घुबड! ती काय, घड्याळाला मोठ्या काट्याच्या जागी लावलीय."

खरंच लावली होती.

पुढचा शब्द 'थिंबल'. मला वाटलं फळ असावं. शब्दकोश म्हणाला, शिवताना बोटाला घालायची टोपी. "अंगुस्तान," आई म्हणाली आणि ते मेणबत्तीच्या बुडाशी दाखवलं. 'बेलोज' म्हणजे भाता. तो तिने सोफ्याच्या उशांत ओळखला. 'प्लम बॉब'पाशी मी कुणी साहेब समजून भिंतीवरच्या तसबिरी धुंडाळत होतो, तो निघाला गवंड्याचा ओळंबा आणि लोंबत होता झुंबरात. 'रेक' म्हणजे दाताळं. दाताळं तर आमच्या गोठ्यात आहे. मी त्याला आयुष्यभर 'ते दातवालं' म्हणत आलो.

अर्ध्या तासात स्पष्ट झालं, की माझ्याकडे शब्द आहेत आणि आईकडे वस्तू. दोघं मिळून कसाबसा एक मनुष्य होत होता. युरोपातल्या कुणा सरदाराच्या हवेलीत जे काय पडलं होतं, ते सगळं आईने कधी ना कधी वापरलं, घासलं किंवा शेजारी उसनं दिलं होतं. अडली ती फक्त बागेत ठेवतात त्या बुटक्या म्हाताऱ्यापाशी, ज्याला तिने 'लाल टोपीचे बुवा' म्हटलं, आणि ओकच्या फळापाशी, ज्याला तिने 'टोपी घातलेली सुपारी' म्हटलं. दोन्ही नावं मूळ नावांपेक्षा सरस आहेत.

या खेळात एक 'हिंट'चं बटण असतं. कर्जत स्टेशनात घाट चढायच्या आधी गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात ना, तसं ते. सदतीसास एक असा चढ आला की भलीभली गाडीसुद्धा मागून ढकलल्याशिवाय वर जात नाही. मला तर सपाटीलाही बँकर लागायचा. आणि हा बँकर एकदा ढकलून झाला की मिनिटभर दमून बसतो, हळूहळू भरतो, मग पुन्हा तयार. आईने त्याला एकदाही हात लावला नाही. "दुसऱ्याला विचारून शोधायचं तर शोधायचं कशाला?" हे तिने खेळाबद्दल म्हटलं, पण बघितलं माझ्या बायकोकडे. घरात मी माझे मोजे कसे शोधतो हे दोघींनाही माहीत आहे.

शब्दांचा घोळ मात्र खेळाचाच. यादीत 'बो' आला. धनुष्य? होतं, पण नाही. रिबनची गाठ? होती, तीही नाही. शेवटी निघाला व्हायोलिनचा गज, जिन्याच्या कठड्यात एक गज म्हणून बसवलेला. आई म्हणाली, "एकाच शब्दात इतक्या वस्तू? त्यांच्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे काय?" मी इंग्रजीच्या वतीने गप्प राहिलो.

खेळात एक गोष्टही असते. कुणी उमराव मेलेला असतो, त्याची पुतणी नाहीशी झालेली असते, आरशात भूत दिसतं. भूत बोलायला लागलं की आई माझ्या हातावर चापटी मारायची. "याला पुढे ढकल. मेला तो मेला. पण घर बघ कसं पसरलंय!" तिचा खरा आक्षेप हाच होता. बारा वस्तू काढल्या तरी खोली तितकीच अस्ताव्यस्त राहते. केर कोणी काढायचा? भाला फुलदाणीत, कात्री पावात, चावी माशाच्या तोंडात. "या घरात बाईमाणूस नाही," तिने निकाल दिला. "आणि ही तीच खोली तिसऱ्यांदा! दोनदा आवरून दिली, पुन्हा पसरली." खोल्या कमी आणि याद्या जास्त, हा या खेळांचा जुनाच दोष, पण त्याचा वैताग सासूच्या आवाजात मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसरा दोष पहारीचा. एका दारावरच्या फळ्या उचकटायला पहार लागते. तीन खोल्या पालथ्या घालून ती मिळाली, फळ्या निघाल्या आणि पहार नाहीशी झाली. पुढच्याच दाराला फळ्या.

"पहार कुठे गेली?"

"संपली."

"पहार संपते?"

"या खेळात प्रत्येक वस्तू एकदाच वापरायची असते."

"चांगली लोखंडी पहार फेकून दिली? तरीच मेला उमराव भिकेला लागून."

तिजोरीची तर निराळी तऱ्हा. ती उघडायला चार रंगांची चार रत्नं लागत. पहिलं तळघरात, दुसरं विहिरीत, तिसरं घुबडाच्या पोटात (पाहा, घुबड अगदीच निरुपयोगी नव्हतं), चौथं माळ्यावर. इतकं करून तिजोरीत होती पुढच्या तिजोरीची अर्धी किल्ली. आई म्हणाली, "याच्यापरीस दागिने डाळीच्या डब्यात ठेवले असते." कुठल्या डब्यात, हे ती बोलून जाते की काय म्हणून मी कान टवकारले होते. ती सावध झाली.

आणि अंधार! काळ्या कपाटापुढे काळी मांजर, तिच्या मागे काळी छत्री. हे शोधणं नव्हे, ही फसवणूक. आमच्या मुलखात हा डाव एकदाच खेळला गेला, १६६१ च्या फेब्रुवारीत, खोपोलीच्या दक्षिणेला उंबरखिंडीत. मोगलांचा सरदार कारतलबखान एवढं सैन्य घेऊन घाट उतरला. यादीत एकच वस्तू: मराठे. चित्र दाट रानाचं, आणि हिंटचं बटण नाही. मराठे सापडले, पण खानाला नव्हे. त्यांनीच त्याला शोधून काढलं. शेवटी सगळं सामानसुमान जागेवर ठेवून तो जिवानिशी परत गेला. पहार-बिहार असलीच तर तीही इथेच राहिली असणार.

आता एक कबुली. पडद्यावर तांब्याचं भांडं दिसलं की आईचा हात थांबायचा.

"आपले भटजी कुठे आहेत रे?"

"माळ्यावर असतील."

"गडी सांगून खाली काढ. दिवाळीला लागतील."

"धामण आहे, आई."

भटजी माळ्यावर नव्हते. दोन वर्षांपूर्वी, आई मावशीकडे गेली असताना, मी टेम्पोवाल्या भंगारवाल्याला ते किलोवर दिले होते. सोबत समई, खलबत्ता, पानाचा डबा आणि अडकित्ता. त्या पैशांत थोडी भर घालून इन्व्हर्टरची बॅटरी आणली. पावसात आमच्याकडे लाईट जाते ती पाहुणी म्हणून येते आणि जावई म्हणून जाते. म्हणजे बघा, रात्री सगळा गाव अंधारात असताना आई ज्या विजेवर उमरावाचं तांब्याचं भांडं शोधत होती, ती वीज भटजींचीच होती. ती मला म्हणायची, "बॅटरी आणलीस हे मात्र चांगलं केलंस हो." मी पाणी प्यायला उठायचो.

एव्हाना व्यसन मलाही लागलं होतं. मी तसलाच एक खेळ मोबाइलवर घेतला. मोबाइलवरची गंमत अशी, की चार खोल्या झाल्या की तुमची 'ऊर्जा' संपते आणि ती भरेपर्यंत वाट बघायची, नाहीतर पैसे मोजायचे. ऑफिसातही माझी ऊर्जा अशीच संपते, पण तिथे पैसे मोजून भरायची सोय नाही. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये मी एक किल्ली शोधत होतो. बदलापूर गेलं. खांद्यावरून एक जण म्हणाला, "काका, तो चमचा बघा, कबुतराच्या शेपटीत." वांगणीला आणखी दोघे वाकले. नेरळला भाजीची टोपली घेऊन चढलेल्या मावशी म्हणाल्या, "त्यो दिवा नाय, घंटी हाय ती." अकरा वस्तू झाल्या, राहिली फक्त किल्ली. मंडळ कधी पांगलं ते कळलंच नाही. डबा जरा जास्तच शांत वाटला म्हणून मान वर केली, तर बाहेर पाटी: भिवपुरी रोड. कर्जत येऊन गेलं होतं. गाडी मला घेऊन परत मुंबईला निघाली होती.

आमच्या खोपोली फाट्याची गाडी चुकणं म्हणजे काय, हे त्या फाट्यावर राहणाऱ्यालाच कळेल. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली, एवढीच पाच स्टेशनं. पण दोन गाड्यांमध्ये एखादं लग्न लावून होतं. बायकोचा फोन आला.

"कुठे आहात?"

"भिवपुरीला."

"तिथे काय करताय?"

"किल्ली शोधतोय."

"घरची किल्ली पण हरवलीत?"

खरं सांगायला दहा मिनिटं लागली असती आणि आणखी वीस मिनिटं ऐकून घ्यावं लागलं असतं. "हो," म्हणालो. घरी पोचलो तेव्हा दोन्ही दारांची कुलपं बदललेली होती.

दिवाळीनंतर आईचा गुडघा बरा झाला आणि नात्यातलं एक लग्न आलं, कर्जतजवळच्या रिसॉर्टवर. हल्ली आमच्याकडे भातापेक्षा रिसॉर्टचं पीक जोमदार येतं. दारातून आत शिरलो आणि आई जागीच उभी राहिली. समोर प्रशस्त दिवाणखाना. बैलगाडीचं चाक छताला टांगून त्याला दिवे लावलेले. जात्यावर काच ठेवून त्याचं टीपॉय केलेलं. भिंतीवर नांगर. कोपऱ्यात इरलं, त्याच्या आत बल्ब. कंदील, मापटी, शिवणयंत्र, दगडी उखळ आणि उखळात प्लास्टिकचा बांबू.

"अगं बाई," आई म्हणाली, "हे तर आपल्या लॅपटॉपातलं घर!"

तिने चष्मा पुसून लावला. बाकी वऱ्हाड चहाकडे गेलं. आई भिंतीच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू झाली, एकेका वस्तूकडे तर्जनी रोखत. "शेर. अदपाव. ही चाती. हे मुसळ उलटं लावलंय मेल्यांनी. हा भाता." प्रत्येक नावानंतर ती एक टिचकी वाजवायची. काहीच नाहीसं होत नव्हतं, पण तिला ती सवय झाली होती. कोट घातलेला एक पोरगा धावत आला.

"आजी, हात नका लावू हां, अँटिक आहे."

"मी पण."

तो गप्प झाला. आई पुढे सरकली. मधोमध चौरंगावर तांब्याचं एक मोठं भांडं होतं, पाण्याने भरलेलं, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि तरंगत्या मेणबत्त्या. दोन्ही बाजूंना पितळी कड्या. ते मला आधी दिसलं. गेल्या सहा महिन्यांत आईच्या आधी मला दिसलेली ही पहिली वस्तू.

"आई, चहा गार होतोय."

"होऊ दे." तिने कडी धरली आणि घंगाळ हळूच फिरवलं. पाणी हिंदकळलं, एक मेणबत्ती विझली. काठ उजेडाकडे आला. ती बोट फिरवत एकेक अक्षर वाचू लागली. मात्रेच्या जागी बोट थांबलं.

"भटजी!" आई मोठ्याने ओरडली.

मांडवाकडे निघालेले खरे भटजी वळले. "बोला आजी, काय हवंय?"

"तुम्ही नव्हे."

मग ती माझ्याकडे वळली. खेळात चुकीच्या जागी टिचकी मारली की बाण झोकांड्या खातो, हे मी मघाशी सांगितलं. तेव्हा मला त्या बाणाची फार गंमत वाटायची.

"माळ्यावर होतं ना रे हे?"

"हो. म्हणजे होतं. इथे कसं आलं कुणास ठाऊक."

"धामणीने आणलं असेल," आई म्हणाली.

तिने पदराने चष्म्यावरचं पाणी टिपलं, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि उरलेल्या भिंतीकडे नजर लावली. यादीत अजून चार वस्तू होत्या आणि ती मला तोंडपाठ होती. खलबत्ता कुठे दिसत नव्हता. पण माझ्या पाठीमागच्या कोनाड्यात, पितळी घंटांच्या खाली, एक समई उभी होती, आणि तिची ती जराशी वाकडी दांडी मी लहानपणी वाकवलेली होती. मी हळूच दोन्ही हात कमरेवर ठेवले, कोपरं पसरली आणि होता होईल तेवढा रुंद झालो.

"सरक जरा," आई म्हणाली.